कानटोपीतली रोझरी

हातातला चहा आधी संपवा, मग सांगतो. मागे पप्पूला हे सांगताना तो चहा पीत होता, अर्धा माझ्या शर्टावर आला. आणि मोठ्याने हसलात तरी चालेल. आमच्या आळीतली चाळीस माणसं हसून झाली आहेत, त्यात तुमची भर पडली तर माझं काय जातंय?

गोष्ट कानात घालायच्या बिनवायरच्या हेडफोनची आहे. त्यात दोन जाती असतात, हे तुम्हाला माहीत असेल. मला नव्हतं. एक उघड्या कानाचे. ते कानाच्या बाहेर अडकतात, गाणंही ऐकू येतं आणि मागून येणारी रिक्षाही. दुसरे नॉइज कॅन्सलिंग. ते कानात घुसतात आणि बाहेरचं सगळं गिळून टाकतात. या दोनातून एक निवडायचं होतं, एवढंच काम होतं. तेवढं मला नीट जमलं नाही.

मी ग्लेन. राहायला नालासोपाऱ्याजवळच्या गासला, कामाला कामणला, गोडाऊनमध्ये. शिक्षण आठवी. म्हणजे आठवीत बसलो होतो, मधूनच उठून आलो. आमच्याकडे शिकले ते दोघं. शेरॉनताई नर्स आहे, कुवेतला असते. आणि माझा मोठा भाऊ विल्सन, तो बँकेत होता. मी त्याला दादा म्हणायचो.

दादा पावसाच्या आधी गेला. कसा गेला ते आज सांगत नाही. आज हसायचं ठरवलंय.

तर ऑक्टोबर. ऑक्टोबरात आमच्याकडे मारियामातेची मूर्ती घरोघरी फिरते. आज या घरी, उद्या शेजारच्या घरी. जिथे मूर्ती, तिथे संध्याकाळी सगळी आळी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला जमते. दहा-दहा मण्यांचे पाच भाग. घरातला एक जण अर्धी प्रार्थना सांगतो, जमलेले लोक उरलेली अर्धी म्हणतात. शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे. लहानपणी आम्ही चण्यांसाठीच जायचो. खरं सांगू? मी अजूनही.

आमच्या घरी सांगायचं काम दादाचं. कडक आवाज, स्वच्छ वाचन. प्रत्येक मण्याला म्हणायचं नमो मारिया मला झोपेतही येतं, पण सांगणाऱ्याचं तेवढ्याने भागत नाही. सुरुवातीची प्रार्थना असते, प्रत्येक दहा मण्यांच्या आधी एक उतारा असतो, शेवटी लितानी, म्हणजे मारियेच्या नावांची लांबलचक यादी. सगळं पुस्तकात. आणि पुस्तक माझ्या हातात आलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागतात.

मूर्ती आमच्याकडे यायला आठ दिवस होते, तेव्हा जॉन अंकल घरी आले. जॉन अंकल म्हणजे निवृत्त मास्तर, आळीतल्या प्रार्थनांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, घसा साफ केला.

"मेरीबाय, या वर्षी मूर्ती तुमच्याकडे नुसती ठेवू. रोझरी मी माझ्या घरी घेतो. नाहीतर मीच इथे येऊन सांगतो. ग्लेनला कशाला त्रास?"

मेरीबाय म्हणजे माझी आई. तिने आत बघितलं. दादा ज्या खुर्चीवर बसून सांगायचा ती खुर्ची तिथेच होती, वर इस्त्रीचे कपडे ठेवलेले. त्या खुर्चीवर बाहेरचं कोणीतरी बसणार, हे तिच्या डोळ्यांत मला दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

"मी सांगणार," मी म्हटलं.

"तू?"

"मी."

"वाचून?"

"मग काय नाचून?"

जॉन अंकलनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बहुतेक त्यांना मला नीट बघायचं होतं. मग आई बोलली. "सांगेल तो. आमच्या घरात आमचाच मुलगा सांगेल."

झालं! तोंडातून शब्द गेला आणि त्यावर आईचा शिक्का बसला. आता मागे फिरलो असतो तर लोक मला हसले असते, त्याचं काही नाही, त्याची सवय आहे. पण आई तोंडघशी पडली असती. आणि पाच महिन्यांत ती पहिल्यांदा कशासाठी तरी ताठ बसली होती.

त्या रात्री पुस्तक उघडलं. पहिल्या ओळीत 'सर्वसमर्थ' आहे. त्या एका शब्दात मी दोनदा पाणी प्यायलो. दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद.

मग मला रेकॉर्डिंग आठवलं.

गेल्या वर्षी शेरॉनताईने फोनवर रडारड केली होती, इथे कुवेतला आपली रोझरी ऐकायला मिळत नाही म्हणून. तेव्हा दादाने आपला फोन मूर्तीच्या मागे ठेवून सगळी रोझरी रेकॉर्ड केली आणि तिला पाठवली. दादा गेल्यावर तिने ती मला पाठवली. माझ्या फोनमध्ये ती पाच महिने पडून होती. मी काय करायचो, चालू करायचो. दादा म्हणायचा, "बसा, बसा, सगळे बसा." मग पहिली प्रार्थना, पहिलं नमो मारिया, आणि मी बंद करायचो. पुढे ऐकायची छाती व्हायची नाही. असं शंभर वेळा केलं असेल. शंभरही वेळा पहिलीच तीन मिनिटं.

हे लक्षात ठेवा. पहिलीच तीन मिनिटं. माझी सगळी अब्रू त्यातच गेली.

कल्पना अशी की कानात दादाला लावायचं. तो बोलेल तसं मी मागून बोलायचं. लोकांना वाटेल, ग्लेन काय सांगतोय! पुस्तक हातात धरायचं, नुसतं दाखवण्यापुरतं. पानंही उलटायची मध्ये मध्ये. आणि ऐकून मागे म्हणणं हे तर माझं रोजचं काम. गोडाऊनमध्ये सुपरवायझर पार्सलवरचा नंबर ओरडतो, मी तो तसाच मोठ्याने परत म्हणतो आणि पार्सल त्या नंबरच्या पिंजऱ्यात टाकतो. चार वर्षं हेच. कानात आलं की तोंडातून गेलं, मधे डोक्याला सुट्टी. एकदा सुपरवायझर "आई गं, माझा पाय!" असं ओरडला. मीही "आई गं, माझा पाय!" म्हणून पार्सल टाकून मोकळा. त्याच्या पायावरून ट्रॉली गेली होती.

तर असा माझा कान आणि असं माझं तोंड.

पप्पूला विचारलं. पप्पू चांदीपचा, माझ्याबरोबर पार्सलं टाकतो, घरी भातशेती. त्याच्याकडे उघड्या कानाचे आहेत.

"हे घे तू," पप्पू म्हणाला. "फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येतो, गानं पन ऐकू येतं. ते दुसरे नको घेऊस. माझ्या मेव्हण्यानं घातले, घरात पान्याची टाकी भरून वाहत होती, हा खाली नाचत होता."

"मला पाण्याची टाकी नाही ऐकायची."

"मग काय ऐकायचंय?"

"माणूस," मी म्हटलं. पप्पूने पुढे विचारलं नाही. तो शहाणा आहे.

नालासोपाऱ्याला गेलो. स्टेशनजवळच्या गल्लीत दुकान. रिक्षांचे भोंगे, भाजीवाले, समोर कोणाच्या तरी लग्नाचा बँड तालीम करत होता. काउंटरवरच्या पोराने आधी उघड्या कानाचे लावले. मी रेकॉर्डिंग चालू केलं. दादा आला, पण त्याच्या मागे बँडही आला. 'बसा, बसा, सगळे बसा' आणि वर ढोल. मला ते सहन झालं नाही.

मग त्याने दुसरे कानात घातले. एक बटण दाबलं.

आणि बँड गेला. रिक्षा गेल्या. नालासोपारा गेला.

'बसा, बसा' म्हणायच्या आधी दादा एकदा घसा साफ करतो. बारीक. शंभर वेळा ऐकूनही मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. इतकं जवळून, की मी मागे वळून बघितलं.

काउंटरवरचा पोरगा माझ्यासमोर ओठ हलवत होता. हातवारे करत होता, एकदा उघड्या कानाच्या खोक्यावर बोट ठेवत होता, एकदा या खोक्यावर. बराच वेळ काहीतरी समजावत होता. मी मान डोलावली. तो परत काहीतरी बोलला. मी परत मान डोलावली. मग पैसे दिले आणि निघालो.

तो काय सांगत होता? ते मला फार उशिरा कळलं. थांबा जरा.

रोझरीचा दिवस आला. शुक्रवार. आईने खुर्चीवरचे कपडे उचलले, खुर्ची पुसली, मूर्तीपुढे जास्वंद ठेवली, चणे उकडत लावले. माझ्यापुढे एकच प्रश्न होता. कानातलं लपवायचं कसं? केस बारीक. रुमाल बांधला तर दरोडेखोर दिसत होतो. शेवटी कपाटातून कानटोपी काढली. लोकरीची. ऑक्टोबरच्या उकाड्यात! आरशात बघितलं तर डोळे, नाक आणि घाम.

"हे काय?" आई म्हणाली.

"कान दुखतोय."

खोटं बोललो. मूर्ती समोर होती तरी बोललो. आणि बोललो ते नेमकं फिलू काकीच्या समोर. फिलू काकी म्हणजे शेजारीण. कोणाला काही दुखतंय म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर तेज येतं.

"कोणता कान, बाबू?"

"दोन्ही."

"लसणीचं तेल गरम करून आणते. दोन थेंब. सकाळपर्यंत मोकळा."

"काकी, रोझरी झाल्यावर."

"बरं. विसरत नाही मी." ती कधीच विसरत नाही.

माणसं जमली. घर भरलं, ओटा भरला. जॉन अंकल पहिल्या रांगेत माझ्यासमोर बसले, परीक्षेला मास्तर बसतात तसे. आई मूर्तीजवळ, खाली चटईवर. मी खुर्चीवर बसलो, पुस्तक उघडलं, खिशात हात घालून रेकॉर्डिंग चालू केलं, आणि घर गप्प झालं. म्हणजे माझ्यापुरतं.

दादाने घसा साफ केला. मी घसा साफ केला. आईने एकदम मान वर केली.

"बसा, बसा, सगळे बसा," मी म्हटलं. सगळे बसलेलेच होते. जॉन अंकल अर्धवट उठून परत बसले.

सुरुवातीची प्रार्थना झकास गेली. 'सर्वसमर्थ' असा गेला, जसा तव्यावर लोणी. आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, ती मूर्तीकडे बघत होती आणि तिचे खांदे सैल झाले होते. मला वाटलं, जिंकलो!

मग दादा म्हणाला, "आनंदाचं पहिलं रहस्य." मी म्हटलं, "आनंदाचं पहिलं रहस्य."

आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. रोझरीत दर दहा मण्यांना येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग असतो, त्याला रहस्य म्हणतात, आणि त्यांचे वार ठरलेले असतात. सोमवारी आनंदाची रहस्यं, शुक्रवारी दुःखाची. गेल्या वर्षी मूर्ती आमच्याकडे सोमवारी आली होती. आज शुक्रवार होता. आणि पाच महिन्यांपूर्वी ज्या घरातून माणूस गेला त्या घरात, दुःखाच्या वारी, मी कानटोपी घालून आनंद जाहीर केला.

जॉन अंकलनी हात वर केला. मी समजलो, शाबासकी. मी मान हलवली. त्यांनी दोन्ही हात हलवले. मी दोन्ही डोळे मिटले, भक्तिभावाने.

पुढची भानगड अशी झाली की रेकॉर्डिंगमधली माणसं गेल्या वर्षीची. त्यांचं 'हे पवित्र मारिये', म्हणजे उत्तराची अर्धी प्रार्थना, संपली की दादा पुढचं नमो मारिया सुरू करायचा, आणि मीही. पण मी दादाच्या मागून म्हणायचो, म्हणून समोरच्या या वर्षीच्या माणसांची सुरुवातच उशिरा, ती अजून निम्म्यावरच. त्यांचं उत्तर संपायच्या आत माझं पुढचं सुरू. ती धावायला लागली. पुढचे पुढे गेले, ओट्यावरचे मागे राहिले, आणि दाराजवळच्या म्हाताऱ्या बायका, मला नंतर कळलं, दोन अख्खी नमो मारिया मागे होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. आपल्या गतीने म्हणत राहिल्या.

मला यातलं काय कळणार? माझ्या कानात सगळं तालात चाललं होतं.

दुसरे दहा मणी संपले. आता माझी ती ऐकलेली तीन मिनिटं कधीच मागे पडली होती. इथून पुढचं सगळं माझ्यासाठी नवीन. आणि दादा, तुम्ही त्याला ओळखत नव्हता म्हणून सांगतो, दोन प्रार्थनांच्या मध्ये गप्प बसणारा माणूस नव्हता.

"पंख्याचं तोंड जरा बायकांकडे करा," दादा म्हणाला.

"पंख्याचं तोंड जरा बायकांकडे करा," मी म्हटलं.

कोणीतरी उठून पंखा फिरवला. ठीक. यात काही गैर नाही.

तिसरे दहा मणी.

"जॉन अंकल, एवढी घाई करू नका, स्वर्गाचं दार बंद होत नाहीये," मी म्हटलं. त्याच आवाजात, त्याच भक्तीने.

जॉन अंकलचा जबडा खाली गेला. बिचारे घाई करत होते ते माझ्यामुळेच! आणि मी? मला कळलंच नाही मी काय बोललो. सांगितलं ना, कानात आलं की तोंडातून गेलं. मी फक्त एवढं बघितलं की मागच्या रांगेतल्या बायकांचे खांदे हलतायत. तोंडावर रुमाल. डोळ्यांत पाणी.

मला वाटलं, दादाच्या आठवणीने रडतायत.

 म्हटलं, विल्सनवर किती माया आहे लोकांची! मी आवाज चढवला. कानात ते बोळे असले की आपला आवाज आपल्याला कळत नाही, म्हणून बहुतेक जास्तच चढवला. कोपऱ्यावरच्या क्रुसापाशी उभ्या असलेल्या माणसाने पुढे सांगितलं की त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"फिलू काकी, झोपलात की काय? चणे मिळणार नाहीत हां!" मी गर्जलो.

फिलू काकी टक्क जागी होती. माझ्यासमोर तीन फुटांवर. तिने इकडे तिकडे बघितलं, छातीवर क्रूस केला. रुमालांची संख्या वाढली. एक जण ओट्यावरून उठून अंगणात गेला, पोट धरून. मी मनात म्हटलं, बिचारा, सहन झालं नाही त्याला.

फक्त आई हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, एकटक, तोंड थोडं उघडं ठेवून. ती सगळ्यांच्या आधी समजली होती. हे तिने एकदा ऐकलं होतं. याच खोलीत, याच खुर्चीवरून.

चौथे दहा मणी संपले. "आई, चणे खाली लागतायत, वास येतोय बघ," मी म्हटलं.

आणि आई उठली.  चूल केव्हाच बंद होती, चणे पातेल्यात झाकलेले. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि चौकट धरून तिथेच उभी राहिली.

तेव्हा मला काहीतरी चुकल्याची पहिली शंका आली. पण तोंड थांबायला तयार नव्हतं. दादाने श्वास घेतला. मी श्वास घेतला. आणि पूर्ण ताकदीने ओरडलो:

"ए ग्लेन्या, गाढवा! भिंतीला टेकून घोरतोस काय? ऊठ!"

एवढं ओरडलो. आणि पुढच्याच क्षणी, सवयीने, माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं, "काय रे दादा?"

आणि खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

समोर चाळीस माणसं. सगळ्यांचे ओठ बंद. मला वाटलं मशीन अजून आवाज गिळतंय. नाही. खरंच कोणी काही बोलत नव्हतं. कानात दादा एकटाच पुढे बोलत होता. "शेवटचे दहा तू सांग. मला चणे बघू दे."

हे मात्र मी मागे म्हटलं नाही.

मला आठवलं. गेल्या वर्षी तो खरंच असं म्हणाला होता. मी डोळे चोळत उठलो, बाईकमध्ये पेट्रोल भरून येतो म्हणालो आणि सटकलो. शुद्ध भीतीने. शेवटचे दहा त्यानेच सांगितले असणार.

कानटोपी काढली. कानातले बोळे काढले. घामाने थबथबलो होतो. लोकांचं खोकणं, पंख्याची घरघर, बाहेर कुत्रं, सगळं एकदम आत आलं.

"कानात काय होतं रे?" जॉन अंकलनी विचारलं.

"दादा," मी म्हटलं. "गेल्या वर्षीचा. शेरॉनताईसाठी केलेलं रेकॉर्डिंग. मला वाचता येत नाही म्हणून त्याच्या मागे म्हणत होतो."

कोणी हसलं नाही. आता हसायला हरकत नव्हती, पण नाही हसले. जॉन अंकलनी पुस्तकासाठी हात पुढे केला. "दे. शेवटचे दहा मी सांगतो. काही हरकत नाही."

मी आईकडे बघितलं. ती चौकटीतच होती.

"त्याला सांगितलंय ते," आई म्हणाली. "तुम्हाला नाही."

जॉन अंकलनी हात मागे घेतला.

पुस्तक मी मिटलं. आनंदाचं पाचवं रहस्य कोणतं, ते मला ठाऊक होतं, लहानपणी चर्चमधल्या सिस्टरनी चित्र दाखवलं होतं. उतारा येत नव्हता. म्हणून जसं आलं तसं सांगितलं. "येशू बारा वर्षांचा होता. गर्दीत हरवला. आईबापांनी तीन दिवस शोधला. मग देवळात सापडला. आई त्याला थोडी रागावली. मग सगळे घरी गेले."

एवढंच. जॉन अंकल म्हणाले, "आमेन." तिथे आमेन नसतं. पण म्हणाले.

आणि मी नमो मारिया सुरू केलं. हळू. लोक उत्तर देईपर्यंत थांबत. दाराजवळच्या म्हाताऱ्यांनाही गाठलं. त्या शेवटी आमच्या बरोबरीला आल्या. दहा झाले की थांबायचं असतं. मी मोजायचं विसरलो. अकरा झाले, बारा झाले, कोणी टोकलं नाही. तेराव्याला आई म्हणाली, "पुरे, बाळा. चणे थंड होतायत." लितानी जॉन अंकलनी सांगितली. ती मला सांगायला लावली असती तर लोक अजून तिथेच बसलेले असते.

चणे वाटले. आता हसू फुटलं. जो तो माझ्याजवळ येऊन, "पंख्याचं तोंड जरा बायकांकडे करा!" जॉन अंकल स्वतः दोनदा म्हणाले, "स्वर्गाचं दार बंद होत नाहीये!" आणि खूप दिवसांनी आमच्या घरात कोणी दादाचं नाव मोठ्याने घेतलं. एरवी सगळे 'तो' म्हणत होते.

फिलू काकी वाटी घेऊन हजर.

"काकी, कान दुखत नाही. ते खोटं होतं."

"खोटं बोललास ना? मग तर हवंच. वाक."

दोन थेंब म्हणाली होती. राग होता बहुतेक, झोपेचं बोलल्याचा. दोन्ही कान काठोकाठ भरले. वर कापूस.

लोक गेल्यावर आई म्हणाली, "ते आण. कानात घालायचं." मी तिच्या कानात बसवले, रेकॉर्डिंग मी जिथे सोडलं होतं तिथून लावून दिलं. ती चटईवर मूर्तीजवळ बसली. थोड्या वेळाने ती जोरात ओरडली. कानात बोळे असले की असंच होतं, सांगितलं ना. माझ्या तेल भरलेल्या कानांनाही ते ऐकू गेलं. आख्ख्या आळीला गेलं.

"विल्सन म्हणतोय, पळाला बघा भित्रा! पुढच्या वर्षी सोडत नाही त्याला, म्हणतोय!"

दोन घरांपलीकडून कोणीतरी हसलं. मी पातेल्यातले उरलेले चणे खात बसलो.

आता शेवटचं ऐका.

दुसऱ्या दिवसापासून ते हेडफोन आईचे झाले. सकाळी भांडी घासताना विल्सन, दुपारी भाजी चिरताना विल्सन. ती हसते, मध्येच उत्तर देते, "हो रे, बघते चणे." मी आपला दारात उभा. "आई, जेवायला." ऐकू येत नाही. "आई, मी चाललो." ऐकू येत नाही. म्हणून मी ठरवलं, पप्पूचं ऐकायचं. आईसाठी उघड्या कानाचे आणायचे. तिला तोही ऐकू येईल आणि मीही.

त्याच दुकानात गेलो. तोच पोरगा. माझ्या कानात अजून तेल आणि कापूस, फिलू काकीचा उपचार चालूच होता. त्याचे ओठ हलत होते. बोलणं तळ्याखालून आल्यासारखं येत होतं. कापूस काढला तेव्हा एवढं कळलं, "भाई, त्या दिवशी पण दहा मिनिटं हेच समजावत होतो. घरात माणसं असतील तर ते बंद कानाचे नका घेऊ. उघड्या कानाचे घ्या. तुम्ही नुसती मान डोलावत होता." मी म्हटलं, बरोबर आहे बाबा, माझीच चूक. तेल ओघळायला लागलं म्हणून कापूस परत कोंबला. त्याने मागे वळून खोकं काढताना आणखी एक काहीतरी विचारलं.

मी मान डोलावली.

घरी येऊन खोकं उघडलं. तो काय विचारत होता ते तेव्हा कळलं. तो विचारत होता, "तेच परत देऊ का?"

आता आमच्याकडे बंद कानाचे दोन जोड आहेत. एक आईच्या कानात, एक माझ्या. पाववाला सकाळी दारात भोंगा वाजवून वाजवून निघून जातो, आणि आम्ही दोघं शिळ्या पावाबरोबर चहा घेतो.